कागद कोणत्या भाषेत येतो

1916 सालचा जुलै महिना. उत्तर वेल्समधल्या डोंगरउतारावरच्या एका घरात टपालवाला लिफाफा देऊन जातो. जेन ग्रिफिथ तो उघडते. आत छापील कागद, सगळे इंग्रजीत. तिला इंग्रजी येत नाही. मुलाचं नाव आणि त्याचा लष्करातला नंबर तेवढा ओळखू येतो. कागद हातात घेऊन ती गावातल्या दुकानाकडे धावत सुटते, कारण दुकानदाराला इंग्रजी वाचता येतं. पोटचा पोर गेला हे त्या आईला कळतं ते वाण्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या तोंडून.

वेल्श लेखिका केट रॉबर्ट्स यांच्या 1936 साली आलेल्या 'त्राइद मेउन कफ्यॉन' या वेल्श भाषेतल्या कादंबरीतला हा प्रसंग. नावाचा अर्थ 'बेड्यांतले पाय'. मी ती वाचली इंग्रजी अनुवादातून, आणि याच कादंबरीच्या बाबतीत हे कबूल करताना जरा ओशाळायला होतं. केटबाईंना हा प्रसंग फार लांबून आणावा लागला नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ त्याच महायुद्धात जखमी होऊन 1917 मध्ये माल्टाच्या इस्पितळात वारला. त्या लिहायला लागल्या त्या या दुःखातून. हे त्यांनीच नंतर सांगितलं आहे.

एखादी भाषा कशावर जगते, असं विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणतं थोर साहित्यावर, दुसरं म्हणतं आंदोलनावर. केटबाईंचं आयुष्य वाचताना मला तिसरंच उत्तर सुचत गेलं. भाषा जगते ती साध्या कागदावर. बिल, नोटीस, साप्ताहिक, पावती, पाककृतीचं कात्रण, म्हणजे आठवडाभरात रद्दीत जाणारा कागद. आणि असा कागद दर आठवड्याला काढायचा तर कुणाला तरी त्याचं मोल मोजावं लागतं. वेल्समध्ये बरीच वर्षं ते एका लेखिकेने मोजलं. तिच्या समाजाने ते मोजू दिलं आणि वर तिला 'आमच्या साहित्याची राणी' म्हटलं. माझी तक्रार या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

केटबाईंचा जन्म 13 फेब्रुवारी 1891 चा, कार्नार्वनजवळच्या ऱ्होसगॅडवन या खेड्यातला. वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला. आपल्या आजोबांच्या दप्तरात जी दगडी पाटी असे, तसला दगड फोडून त्याचे पातळ पापुद्रे काढायचे, आणि जगभरातल्या घरांची छपरं त्यांनी शाकारायची, असा तो धंदा. खाणीतलं सगळं बोलणं वेल्शमध्ये चाले. घरात वेल्श, चर्चमध्ये वेल्श. इंग्रजी यायची ती वरून, म्हणजे मालकाकडून, कोर्टाकडून, सरकारकडून. 1536 च्या कायद्याने वेल्समधल्या कोर्टकचेऱ्यांची भाषा इंग्रजी ठरवून टाकली होती आणि जो इंग्रजी वापरणार नाही त्याला सरकारी पद नाही, असंही त्यातच लिहिलं होतं. म्हणजे वेल्श माणूस जन्मभर वेल्श बोलायचा, आणि कागद आला की परका व्हायचा.

केटबाई बँगोरच्या विद्यापीठात वेल्श विषय शिकल्या, 1913 मध्ये पदवीधर झाल्या आणि दक्षिणेकडच्या कोळसापट्ट्यात शिक्षिका म्हणून गेल्या. 1925 च्या ऑगस्टमध्ये प्व्हेलीच्या एका हॉटेलात सहा जणांनी जमून वेल्सचा राष्ट्रीय पक्ष काढला. आज त्यालाच प्लाइड कम्री म्हणतात. ते सहाही जण पुरुष होते. केटबाई लवकरच पक्षात आल्या, त्याच्या महिला समितीचं काम त्यांनी पाहिलं, आणि 1926 मध्ये सुरू झालेल्या 'लाल ड्रॅगन' या मुखपत्रात बायकांसाठीचं सदर त्या लिहू लागल्या. बायकांचं सदर म्हटलं की आपण पान उलटतो. पण जरा विचार करा, पोराला कुठल्या भाषेत हाक मारायची, दुकानात काय बोलायचं, शाळेत कुठलं नाव घालायचं, हे ज्या घरात ठरत होतं त्या घरात हे सदर जात होतं. पुरुष अग्रलेखात स्वराज्याची व्याख्या करत होते तेव्हा भाषेचा खरा निकाल चुलीपाशी लागत होता.

पक्षाच्याच कामात त्यांना मॉरिस विल्यम्स भेटले. वयाने जवळजवळ दहा वर्षांनी लहान, धंद्याने छपाईवाले. 1928 च्या डिसेंबरात लग्न झालं आणि केटबाईंची नोकरी गेली. लग्न झालेल्या बाईने शिक्षिका राहायचं नाही, असा त्या काळी वेल्समध्ये जवळपास सगळीकडे रिवाज होता. काही वर्षं मंदीने पिचलेल्या टोनीपँडीत काढल्यावर 1935 मध्ये या जोडप्याने डेन्बी गावातला जी छापखाना विकत घेतला.

हा छापखाना साधासुधा नव्हता. एकोणिसाव्या शतकात टॉमस जी नावाच्या खटपट्या धर्मोपदेशकाने तिथून वेल्श भाषेतला दहा खंडांचा ज्ञानकोश काढला होता. आपल्या केतकरांची आठवण यावी असा तो उद्योग. 1857 मध्ये त्यानेच 'बानेर' नावाचं पत्र सुरू केलं. बानेर म्हणजे निशाण. पुण्याच्या बाणेरशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि वेल्शमध्ये आधी उपपद लागलं की ब चा व होत असल्यामुळे लोक त्याला 'अ वानेर' म्हणत. 1939 पासून हे साप्ताहिक पुन्हा डेन्बीच्या त्याच छापखान्यात आलं, मॉरिस आणि केट यांच्या हाती. संपादक दुसरे होते. केटबाई मालकीण, लेखिका आणि पडेल ते काम करणाऱ्या. राजकारणावर लिहायचं, पुस्तकांवर लिहायचं, घरसंसारावर लिहायचं, आणि अंक वेळेवर निघतोय ना ते बघायचं. युद्धकाळात कागदाचं रेशनिंग होतं ते वेगळंच.

1946 च्या जानेवारीत मॉरिस वारले. केटबाई तेव्हा 54 वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हतं. त्यांनी छापखाना विकायला हवा होता, असं आज म्हणणं सोपं आहे. त्यांनी तो आणखी दहा वर्षं, 1956 पर्यंत चालवला.

आता त्यांच्या पुस्तकांच्या तारखा समोर ठेवा. 1937 मध्ये एक कथासंग्रह आला. त्यानंतरचं पुस्तक 1949 चं. मध्ये बारा वर्षं काही नाही. छापखाना सुटल्यावर मात्र 1956, 1959, 1960, 1962 अशी एकामागून एक पुस्तकं येत गेली, आणि त्यांतली काही त्यांच्या उत्तम लेखनात मोडतात. त्या बारा वर्षांचं कारण एकट्या छापखान्यावर टाकता येणार नाही. युद्ध होतं, आजारपणं होती, नवऱ्याचा मृत्यू होता. तरी जी बाई पासष्टीनंतर असं लिहू शकते ती पन्नाशीत बिलांच्या वह्या तपासत होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

इथे वेल्समधलेही दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हा अपव्यय होता. साप्ताहिक कुणीही काढलं असतं, कथा केटच लिहू शकत होती. दुसरा म्हणतो, हा त्याग होता, वंदन करा. मला दोन्ही पटत नाहीत. 'कुणीही काढलं असतं' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की मग काढलं का नाही? आणि त्याग हा शब्द तर मला अलीकडे संशयास्पदच वाटू लागला आहे. ज्या कामासाठी पगार, माणसं आणि भांडवल लागतं, ते समाजाला फुकटात हवं असलं की त्या कामाला त्याग म्हणायचं, सत्कार करायचा आणि शाल घालून मोकळं व्हायचं. बायकांच्या वाट्याला हा शब्द जरा जास्तच येतो.

त्या साप्ताहिकाने काय केलं ते बघायचं तर सॉन्डर्स लुईस यांचं उदाहरण पुरे. पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, नाटककार, आणि वेल्श राष्ट्रवादाचा सगळ्यात वादग्रस्त चेहरा. 8 सप्टेंबर 1936 च्या पहाटे पेनिबर्थ इथे हवाई दलाच्या बाँबफेकीच्या तालीम केंद्राला त्यांनी दोन साथीदारांसह आग लावली आणि स्वतःच पोलिसात जाऊन सांगितलं. कार्नार्वनच्या ज्यूरीचं एकमत होईना, म्हणून खटला लंडनला नेला आणि तिघांना नऊ-नऊ महिन्यांची शिक्षा झाली. वेल्श शाळकरी पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते. लुईस यांची विद्यापीठातली नोकरी गेली, पुढची पंधराएक वर्षं त्यांना तसं पद मिळालं नाही. मग त्या काळात त्यांचा आवाज लोकांपर्यंत पोचत होता कशातून? 1939 ते 1951 ते 'वानेर'मध्ये 'जगाची चाल' या अर्थाचं सदर लिहीत होते. युद्धाबद्दल लंडनच्या पत्रांनी जे छापलं नसतं ते हा माणूस लिहीत होता आणि डेन्बीचा छापखाना छापत होता. आग लावणाऱ्याचं नाव इतिहासात गेलं. त्याच्या शब्दांसाठी दर आठवड्याला कागद उभा करणारीचं नाव त्या गोष्टीत तळटीप म्हणून येतं, तेही आलं तर.

याच लुईस यांनी 1962 मध्ये बीबीसीच्या रेडिओवर 'भाषेचं भवितव्य' हे व्याख्यान दिलं. तारीख 13 फेब्रुवारी, म्हणजे योगायोगाने केटबाईंचा एकाहत्तरावा वाढदिवस. हे असंच चालू राहिलं तर एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी वेल्श जिवंत भाषा राहणार नाही, असं त्यांनी बजावलं. आकडे त्यांच्या बाजूने होते. 1911 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे 9 लाख 77 हजार होते, 1951 मध्ये ते 7 लाख 15 हजारांपर्यंत खाली आले होते. पण व्याख्यानात त्यांनी अनुकरणीय उदाहरण दिलं ते स्वतःच्या जाळपोळीचं नव्हे, एका घरपट्टीच्या बिलाचं.

आयलीन बीझली ही शिक्षिका, तिचा नवरा ट्रेवर कोळसा खाणीतला कामगार. लॅनेथलीजवळच्या लान्गेनेख गावात त्यांनी 1952 मध्ये घर घेतलं. घरपट्टीचं बिल इंग्रजीत आलं. बाईंनी कळवलं, वेल्शमध्ये बिल द्या, लगेच भरते. गावात दहातले नऊ जण वेल्श बोलणारे. कौन्सिलचे सभासद वेल्श, कारकूनही वेल्श. तरी बिल इंग्रजीतच यायचं, कारण आजवर तसंच येत आलं होतं. आठ वर्षं हा झगडा चालला. सोळा वेळा कोर्टात उभं राहावं लागलं. जप्तीवाले येऊन सामान उचलून नेत, त्यात पियानोसुद्धा गेला. 1960 मध्ये दोन्ही भाषांतलं बिल आलं तेव्हा त्यांनी पैसे भरले. व्याख्यानानंतर त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना स्थापन झाली आणि पुढच्या तरुण पिढीने रस्त्यावरच्या पाट्यांपासून दूरदर्शन वाहिनीपर्यंत जे लढे दिले त्यांच्या मुळाशी एका बाईचा हा हट्ट आहे. तिलाही हवा होता तो फक्त एक कागद.

आमच्या काकूंना परवा विमा कंपनीचं पत्र आलं. चार पानी, इंग्रजीत. मुदत कधी संपते एवढंच त्यांना हवं होतं, ते तिसऱ्या पानावर बारीक टायपात होतं. त्या पत्र घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा मला जेन ग्रिफिथ आठवली. माझ्याकडे मृत्यूची बातमी नव्हती, एवढाच काय तो फरक. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा काकूंनी कौतुकाने मेसेज पाठवला होता. असो, हा लेख मराठीवर नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात रास्त आक्षेप. बाजाराचं काय? लोकांना वेल्श पत्र हवंच असेल तर ते विकत घेतील, नको असेल तर बंद पडेल, त्यात कुणाचे पैसे का घालायचे? वरवर हे बिनतोड वाटतं. पण इंग्रजी पत्राला वेल्समध्ये गिऱ्हाईक कुणी तयार करून दिलं? शाळेने, कोर्टाने, टपालाने आणि पलटणीने, म्हणजे सरकारी तिजोरीनेच. चारशे वर्षं एका भाषेच्या पदरात हे सगळं घालायचं आणि मग दोघींना एका ओळीत उभं करून शर्यत लावायची, याला बाजार म्हणत नाहीत. शिवाय जेमतेम 5 लाख 38 हजार लोक (2021 च्या जनगणनेप्रमाणे 17.8 टक्के) जी भाषा बोलतात, तिच्यातल्या पत्राचा जाहिरातीवर संसार चालणं अवघडच.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. सरकारी पैसा आला की पत्राचा कणा वाकतो. युद्धकाळात लुईस यांचं सदर सरकारी अनुदानावरच्या पत्राने छापलं असतं का? बहुधा नाही. म्हणून मी सरकारने पत्र चालवावं असं म्हणत नाही. कागद, छपाई, वितरण यांचा भार सार्वजनिक पैशातून उचलावा, वाटप मंत्र्याच्या हाती नसावं आणि मजकुरात कुणी नाक खुपसू नये, एवढंच. मोडकं असलं तरी असं काहीसं करून दाखवलेलं आहे. 1982 मध्ये सुरू झालेली वेल्श दूरचित्रवाणी सार्वजनिक पैशावर चालते आणि तिथल्या बातम्या सरकारवर टीका करतातच. ती मिळवायलाही पक्षाचे नेते ग्विन्वोर एव्हान्स यांना 1980 मध्ये आमरण उपोषणाची घोषणा करावी लागली होती, ही गोष्ट वेगळी.

एव्हान्स यांचं नाव निघालं म्हणून आणखी एका बाईंबद्दल. 14 जुलै 1966 ला कारमार्थनच्या पोटनिवडणुकीत एव्हान्स निवडून आले आणि प्लाइड कम्रीचा पहिला खासदार लंडनच्या संसदेत गेला. हा विजय आभाळातून पडला असं सांगितलं जातं. त्याच कारमार्थनमध्ये 1955 ला आणि पुन्हा 1957 च्या पोटनिवडणुकीत पक्षातर्फे उभ्या राहिल्या होत्या जेनी आइरियन डेव्हिस. 1957 ला मजूर पक्षाच्या मेगन लॉइड जॉर्ज जिंकल्या आणि जेनीबाईंना 5,741 मतं मिळाली, म्हणजे तिसरा नंबर. नऊ वर्षांनी मेगनबाईंच्या मृत्यूमुळे जागा रिकामी झाली तेव्हा एव्हान्स यांना 16,179 मतं पडली. मधल्या काळात बरंच काही घडलं, सगळं श्रेय एका उमेदवाराला देणं खुळेपणाचं होईल. पण जिथे हरणार हे नक्की असतं तिथे दोनदा उभं राहून गावोगाव भाषणं करणाऱ्या बाईची गोष्ट विजयाच्या कहाणीत सहसा येत नाही. याच जेनीबाई 1979 मध्ये 'वानेर'च्या संपादक झाल्या आणि 1982 मध्ये वारल्या, वयाच्या साठीलाही न पोचता. एकाच साप्ताहिकाभोवती अशी दोन आयुष्यं. 'वानेर' स्वतः 1992 मध्ये बंद पडलं.

केटबाई शेवटपर्यंत डेन्बीतच राहिल्या. गावात वेल्श माध्यमाची शाळा हवी म्हणून त्या भांडल्या आणि 1968 मध्ये ती उघडली. त्यांना गोडवे गाऊन घेण्याची हौस नव्हती. जीभ तिखट होती, माणसं तोडायलाही कमी करत नसत, आणि वेल्श लोकच आपली भाषा कशी टाकून देतात यावर त्या जेवढं कडक बोलत तेवढं इंग्रजांवरही बोलत नसत. 1965 मध्ये त्यांनी आपलं बालपणीचं घर, काइर गोर्स, पडझड झालेल्या अवस्थेत विकत घेऊन राष्ट्राला देऊन टाकलं. 4 एप्रिल 1985 ला त्या गेल्या.

ते घर पुढे बरीच वर्षं नुसत्या भिंती घेऊन उभं होतं. मग पैसे उभे राहिले, छप्पर घातलं, स्वयंपाकघर त्यांच्या लहानपणी होतं तसं लावलं आणि 2007 मध्ये ते लोकांना बघायला खुलं झालं. त्याच वर्षी वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, मजूर पक्ष आणि प्लाइड कम्री यांचं संयुक्त सरकार आलं. वेल्श भाषेतलं पहिलं दैनिक काढायला मदत करू, असं त्यांच्या करारात होतं. 'अ बीद', म्हणजे 'जग', या नावाने ते निघणार होतं, कंपनीचे शेअर विकले गेले होते, वर्गणीदार नोंदवून झाले होते. 2008 च्या फेब्रुवारीत सरकारने वर्षाला 2 लाख पौंडांचा आकडा जाहीर केला. एवढ्यात दैनिक निघत नाही म्हणून चालकांनी तो बेत सोडून दिला. ज्या मंत्र्याने आकडा जाहीर केला तो प्लाइड कम्रीचाच होता. त्या पैशांतून पुढल्या वर्षी एक बातम्यांचं संकेतस्थळ सुरू झालं, ते चांगलं चाललंय. छापील दैनिक मात्र वेल्शमध्ये आजही नाही.